कागदाला आलेली फुले

मराठीत ‘कागदी’ या शब्दाला दोन स्वभाव आहेत. बाजारात तो चांगला मानला जातो. कागदी लिंबू म्हणजे पातळ सालीचे, रसाळ लिंबू. कागदी बदाम म्हणजे बोटाने फुटेल असा बदाम. पण हाच शब्द साहित्यात आला की त्याची शिवी होते. एखाद्या कवितेत जीव नसला की समीक्षक म्हणतात, ‘ही तर कागदी फुले!’ रंग आहे, गंध नाही, असा त्याचा अर्थ. कविता लिहिणारा माणूस असल्यामुळे ही शिवी माझ्याही वाट्याला आली आहे. तिचा राग नाही. फक्त इतकेच वाटते, की कागदाच्या फुलांची गोष्ट ज्याला ठाऊक आहे तो हा शब्द इतक्या सहजपणे वापरणार नाही. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

मी मालवणच्या किनाऱ्यावरचा. आमच्याकडे वसंतात फुलांची टंचाई नसते. फाल्गुन-चैत्रात सुरंगी फुलते. वेंगुर्ल्याजवळच्या आसोलीसारख्या गावांत पहाटे माणसे झाडावर चढतात, कळ्या उमलायच्या आत उतरवतात आणि दुपारपर्यंत त्यांचे वळेसर बाजारात येतात. जोडीला बकुळ आहे, अबोली आहे, चाफा आहे. इतक्या सुवासाच्या मुलखात कागदाची फुले करायची गरज कोणाला पडावी?

ती गरज पडत असे चैत्रगौरीच्या आराशीला. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे चांगला महिनाभर, माहेरी राहते. या महिन्यात एखादा दिवस ठरवून घरोघरी हळदीकुंकू होते. आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेले हरभरे आणि समोर पायऱ्यापायऱ्यांची आरास. पूर्वी चौरंग आणि पाट एकावर एक रचून ती मांडत, पुढे घरात टेबल आले तेव्हा त्यावर चादर घालून मांडू लागले. वरच्या पायरीवर गौर, खाली फळे, खेळणी, फराळाची ताटे आणि मधल्या सगळ्या जागेत फुले. आता चैत्रातला आमचा उकाडा ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, की सकाळी खुडलेली अबोली संध्याकाळी कशी दिसते. बायका यायच्या संध्याकाळी. महिनाभर टिकणारी फुले झाडावर मिळत नाहीत, ती हाताने करावी लागतात. ताजी फुले गौरीच्या पायाशी आणि कागदाची तिच्या भोवती, अशी सरळ वाटणी होती. त्यात फसवणूक कसलीच नव्हती. कागदाचे फूल खऱ्या फुलाची जागा घ्यायला आलेले नव्हते, ते वेळेची गरज भागवायला आले होते.

आणि ही काही आपल्याच मुलखातली गंमत नाही. १९०७ साली ऑरेल स्टाइन हा संशोधक चीनच्या वायव्येला दुनहुआंग इथल्या बौद्ध लेण्यांत पोचला. तिथे एक भिंत घालून बंद केलेली, हजारो पोथ्यांनी भरलेली खोली नुकतीच सापडलेली होती. तिथून त्याने जे नेले त्यात पोथ्यांबरोबर कागदाची काही फुलेही होती. रंगीत कागद कापून, थरावर थर चिकटवून केलेली ही फुले हजार वर्षांहून अधिक जुनी आहेत आणि आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जपानात नारा शहरातल्या तोदाइजी मंदिरात इसवी सन ७५२ पासून वसंताच्या तोंडावर एक विधी अखंड चालत आला आहे. आजही दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस तिथले भिक्षू बसून लाल-पांढऱ्या कागदाची शेकडो कॅमेलिया फुले करतात, ती खऱ्या फांद्यांवर बसवतात आणि १ मार्चपासून ती मूर्तीपुढे मांडली जातात. त्या कागदाचा लाल रंग करडईच्या फुलांपासून काढतात. आपण जिचे तेल खातो तीच करडई.

म्हणजे कागदाचे फूल जन्माला आले ते देवापुढे ठेवायला. शोभेच्या दुकानात ते फार नंतर गेले.

कागद मुळात चीनचा. साई लुन या दरबारी अधिकाऱ्याने इसवी सन १०५ मध्ये सम्राटापुढे कागद ठेवला असे चिनी इतिहास सांगतो. नाऱ्यातला तो विधी सुरू होण्याच्या एकच वर्ष आधी, ७५१ साली, मध्य आशियात तलास नदीच्या काठी अरब आणि चिनी फौजांची लढाई झाली. तिथे कैद झालेल्या चिनी कारागिरांनी समरकंदला कागद शिकवला, अशी कथा आहे. आजचे इतिहासकार ती कथा जशीच्या तशी मानत नाहीत. पण आठव्या शतकात समरकंद आणि मग बगदाद कागदाची मोठी केंद्रे झाली, हे खरे. तिथून इराण आणि इराणातून आपल्याकडे. ‘कागद’ हा आपला शब्द फारसी ‘काग़ज़’वरून आला. ‘गुलाब’ही फारसीच. अरबीत कागदाच्या पानाला ‘वरक’ म्हणतात आणि झाडाच्या पानालाही ‘वरक’च. मिठाईवरचा आपला चांदीचा ‘वर्ख’ तो हाच. मराठीतही पुस्तकाला पान आणि पिंपळालाही पानच. दोन्ही भाषांना कागद झाडाचाच भाऊबंद वाटला, मग त्याला फूल आले तर नवल कसले?

महाराष्ट्रात कागद करणारे लोक मुसलमान होते. त्यांचे आडनावच कागदी किंवा कागझी. दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत कागझीपुरा लागतो. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हा हे कारागीर इथे आले, असे तिथली परंपरा सांगते. जुन्नरला कागद होत असे आणि पेशवाईच्या दप्तरांत तो जुन्नरी कागद जपून ठेवलेला आहे. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे. तिथून जाणाऱ्या किती जणांच्या मनात हे नाव कशावरून पडले असा विचार येतो, कोण जाणे.

हा कागद व्हायचा कसा? तागाचे, अंबाडीचे जुने दोर आणि फाटकी पोती कापून चुन्याच्या पाण्यात भिजवायची. पायाने चालवायच्या लाकडी मुसळाखाली ती दिवसचे दिवस कुटायची. नदीवर धुवायची, पुन्हा कुटायची. मग तो लगदा पाण्याच्या हौदात सोडून गवताच्या काड्यांच्या चटईवर एकेक ताव उचलायचा. ओला ताव गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवायचा, त्याला खळ द्यायची आणि शेवटी फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने घोटायचा. शाळेत हस्तकलेच्या तासाला आपण जो ‘घोटीव कागद’ विकत आणला, त्याच्या नावात हे घोटणे अजून शिल्लक आहे. आता तो यंत्रावर चकाकतो, त्याला कोणी घोटत नाही.

इतक्या कष्टाचा कागद कात्रीने कापून त्याची फुले कोण करणार? त्यावर फर्मान लिहायचे, हिशेब लिहायचा, कुराण लिहायचे, पोथी लिहायची. विजापूरच्या आदिलशाहीत, जिच्या अमलाखाली आमचे कुडाळ-सावंतवाडी एके काळी होते, सतराव्या शतकात पाण्यावर रंग तरंगवून ढगांसारख्या नक्षीचा ‘अब्री’ कागद तयार होई. तोही चित्रांसाठी आणि सुंदर हस्तलिखितांसाठी. सावंतवाडीत कागदाचे किंवा कापडाचे थर चिकटवून, वर लाखेचे रोगण देऊन गंजिफाची गोल पाने केली जात. खेळ इराणातून आलेला, नावही फारसी. पण आमच्या चिताऱ्यांनी त्यावर मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार रंगवले. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने. परक्या वाटेने आलेली वस्तू आपल्या देव्हाऱ्यापर्यंत कशी पोचते, याचे याहून सुबक उदाहरण मला ठाऊक नाही.

मग त्या काळी शोभेची फुले कशाची करत? ती भेंडाची. पाणथळ जागी उगवणाऱ्या भेंडाचा गाभा पांढराशुभ्र आणि हलका असतो. धारदार सुरीने त्याचे पातळ पापुद्रे काढायचे आणि त्यांच्या पाकळ्या वळायच्या. नवरदेवाचे बाशिंग भेंडाचे असे, देवाच्या माळा भेंडाच्या असत. आजही काही ठिकाणी असतात. म्हणजे फुले करण्याचे कसब आपल्याकडे होतेच, कागद तेवढा हाताबाहेरचा होता.

तो आवाक्यात आला यंत्रामुळे. १७९९ साली फ्रान्समध्ये निकोला लुई रोबेर याने अखंड कागद काढणारे यंत्र बनवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चिंध्यांऐवजी लाकडाचा लगदा वापरात आला आणि कागद स्वस्त झाला. रंगीत पातळ कागद, चुण्यांचा क्रेप कागद आगबोटींतून मुंबईला उतरू लागला. मुंबईहून किनाऱ्याच्या बोटींनी तो मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांत आला, चाकरमान्यांच्या ट्रंकेतून खेड्यांत पोचला. चार पैशांचा ताव फाटला तरी कोणी हळहळत नाही. त्यामुळे घरातल्या बाईच्या हातात पहिल्यांदा कागद आला. लिहायला नव्हे, कारण लिहिणे तिला शिकवलेले नव्हते. तो आला कात्री चालवायला.

इथे थोडे थांबायला हवे. बी.ए.ला इतिहास होता म्हणून नव्हे, माणूस म्हणून. ज्या स्वस्त कागदाने घराघरांतल्या आराशी फुलल्या, त्याच कागदाने कागद्यांच्या चुली विझल्या. कचेऱ्यांना विलायती कागद चालू लागला, तुरुंगांतून कैद्यांकडून कागद करून घेतला जाऊ लागला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर शेतमजुरीला, बाजारात हमालीला लागले. महात्मा गांधींच्या पुढाकाराने १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा वर्ध्याला हातकागदाचे काम पुन्हा सुरू झाले. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. डार्ड हंटर नावाचा अमेरिकन अभ्यासक १९३७ मध्ये हिंदुस्थानात फिरला. हाताने कागद करणाऱ्या इथल्या कारागिरांवर त्याने १९३९ साली पुस्तक काढले. पण तोवर ‘कागदी’ हे बहुतेक ठिकाणी फक्त आडनाव उरले होते. फुले झाली आणि माळी गेला, असे हे झाले.

आता आमच्या घरातले सांगतो. माझी नानी फुले करायची. शिक्षण नाही, पण हातात माप. देठाला तार मिळायची नाही तेव्हा ती माडाच्या झावळीचा हीर घ्यायची. हीर वाकतो, मोडत नाही. त्यावर हिरवा पतंगी कागद तिरका गुंडाळायचा. चिकटवायला भाताची शिते नाहीतर मैद्याची खळ, आणि झुरळे लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. हे कालवायचे काम ती मुलांना देत नसे, कारण मोरचूद विषारी. पाकळीची कड कात्रीच्या पाठीवरून ओढली की ती आपोआप वळते. क्रेप कागद एकाच बाजूने ताणला जातो. ती बाजू आडवी धरून मधोमध अंगठा दाबला की गुलाबाच्या पाकळीची वाटी होते, उलट धरला तर फाटतो. ही गोष्ट तिने मला दहा वेळा दाखवली. पुढे मोठेपणी वाचले, की यंत्राच्या कागदात तंतू एकाच दिशेला लागतात आणि हातकागदात ते चहूबाजूंना पसरतात. नानीला कारण ठाऊक नव्हते, दिशा ठाऊक होती.

ही फुले घरातल्या लग्नात सेहऱ्याला लागत. शेजारच्या काकींच्या गौरीलाही तीच लागत. फाल्गुन संपत आला की काकी कुंपणापलीकडून सांगत, “यंदा गवरीक गुलाब व्हये हां, जासवान नको.” आणि हळदीकुंकवाच्या दिवशी डाळीचा वाडगा आणि पन्ह्याचा तांब्या आमच्याकडे येई. फुलांचे पैसे कोणी विचारले नाहीत, कोणी दिले नाहीत. श्रावण सरला की तोच कागद गणपतीच्या मखराला, डिसेंबरात नाताळच्या चांदणीला. फूल कुठे चालले आहे ते त्याच्या रंगावरून ओळखावे, हाताची घडी तीच.

एक नियम मात्र दोन्ही घरांत सारखा होता. छापलेल्या कागदाला कात्री लावायची नाही. आमच्याकडे, त्यावर अल्लाचे नाव असू शकते म्हणून, काकींकडे, ती सरस्वती म्हणून. अक्षराचा कागद पायाखाली आला तर दोघींचाही हात एकाच वेगाने कपाळाशी जाई.

२००१ साली एक योग आला. २६ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच चंद्रकोरीने हिजरी १४२२ चा मुहर्रम सुरू झाला. आपल्या पंचांगात अधिक मास असतो, त्यामुळे चैत्र वसंतातच राहतो. हिजरी वर्ष मात्र दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येते. म्हणजे त्या वर्षी गौर झोपाळ्यात बसलेली आणि मुहर्रमचे दहा दिवस, एकाच पंधरवड्यात. ताबुतांविषयी आमच्या समाजात मतभेद आहेत. काहींना ते मान्यच नाहीत, आणि तो वाद जुना आहे. पण कोकणात जिथे ताबूत बसत, तिथे बांबूच्या सांगाड्यावर कागदाची फुले आणि बेगड लागे, आणि नानी ती करत असे. त्या वर्षी ओटीवर दोन सुपे होती. एकात गुलाबी फुले, दुसऱ्यात पांढरी आणि हिरवी. एक आनंदाचे, एक शोकाचे. दोन्ही सुपांवर तिने ओले फडके झाकले नाही एवढेच, बाकी काळजी ताज्या फुलांसारखीच. तिला त्यात काही विशेष वाटले नव्हते. आज आपल्याला विशेष वाटते, हीच मला खरी बातमी वाटते. असा योग पुन्हा २०३२ मध्ये येईल. तोपर्यंत दोन सुपे शेजारी ठेवणारी ओटी किती घरांत असेल, हा विचार माझ्या मनात येतो.

कागदाच्या फुलांना पुढे दोन धक्के बसले. पहिला प्लास्टिकचा. १९५० नंतर हाँगकाँगच्या कारखान्यांनी जगभर प्लास्टिकची फुले पाठवली. तिथला प्रसिद्ध उद्योगपती ली का-शिंग याची सुरुवात याच धंद्यातून झाली. ही फुले धुता येतात आणि कधीच संपत नाहीत. न संपणे हा गुण आहे असे तेव्हा वाटले, आता समुद्राच्या भरतीरेषेवर ती सापडतात तेव्हा तसे वाटत नाही. दुसरा धक्का थर्माकोलचा. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, सजावटीचे थर्माकोलही त्यात आले. योगायोग असा, की त्या दिवशी चैत्रगौर बसून तीनच दिवस झाले होते. तेव्हापासून पुठ्ठ्याची मखरे आणि कागदाची फुले बाजारात पुन्हा दिसू लागली आहेत. चांगले आहे. पण ती तयार मिळतात. दुकानातून फूल आणता येते, कुंपणापलीकडून आलेली ‘गुलाब व्हये’ ही मागणी आणता येत नाही.

म्हणून एक सुचवतो. येत्या चैत्रात आरास मांडा वा न मांडा, घरातल्या एखाद्या मुलाला जवळ बसवून एक फूल करा. आधी कागदाची दिशा दाखवा. हातातली ही पुरवणी वाचून झाली की उभी फाडून पाहा, सरळ फाटेल. आडवी फाडा, वाकडीतिकडी जाईल. मुलाला ते एकदा कळले की जन्मभर विसरणार नाही. फूल मात्र या पुरवणीचे करू नका. त्याला कोरा कागद घ्या. आणि एक जास्तीचे करा, शेजारच्या घरासाठी.